अनुच्छेद 300 आणि न लिहिलेला कायदा

सरकारी नोकराच्या हयगयीने एखाद्याला इजा झाली, तर तिची भरपाई सरकारच्या तिजोरीतून मागता येते का, या प्रश्नाचे उत्तर भारताच्या संविधानात सरळ शब्दांत सापडत नाही. अनुच्छेद 300 एवढेच सांगतो की केंद्रावर भारतीय संघराज्याच्या नावाने आणि राज्य सरकारवर त्या त्या राज्याच्या नावाने दावा लावता येईल. तो कोणत्या बाबतींत लावता येईल, हे ठरवायला मात्र मागे पाहावे लागते. संविधान आलेच नसते तर डोमिनियनवर, प्रांतांवर किंवा संस्थानांवर ज्या बाबतींत दावा लागला असता, त्याच बाबतींत तो आजही लागतो. या तरतुदीत एक अट आहे. संसद किंवा राज्याचे विधिमंडळ या विषयावर जो कायदा करील, त्याला अधीन राहूनच हे मागे पाहणे चालायचे आहे. ज्या अपकृत्यांवरून दिवाणी दावा होऊ शकतो, तो विषय समवर्ती सूचीत आठव्या नोंदीला आहे. म्हणजे दिल्लीलाही कायदा करता येतो आणि मुंबईलाही. संविधानाने जुनी व्यवस्था तूर्त चालू ठेवली आणि नवी आखण्याचे काम लोकप्रतिनिधींवर सोपवले. ते ‘तूर्त’ पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकले आहे.

मागे पाहत गेले की एकामागून एक दारे उघडत जातात. 1950च्या अनुच्छेदातून 1935च्या कायद्याचे कलम 176, तिथून 1915च्या कायद्याचे कलम 32, तिथून 1858च्या कायद्याचे कलम 65. कंपनीचे राज्य संपवून राणीचे राज्य सुरू करणाऱ्या या 1858च्या कायद्यात म्हटले होते की लोकांना कंपनीविरुद्ध जे दावे लावता येत होते, तेच आता भारतमंत्र्याविरुद्ध लावता येतील. तेव्हा आज सरकारी कचेरीची भिंत अंगावर पडून जायबंदी झालेल्या माणसाच्या वकिलाला, तत्त्वतः तरी, असा दावा ईस्ट इंडिया कंपनीवर लागला असता का, हे पाहावे लागते. कंपनी हा प्राणीच दुतोंडी होता. ती व्यापारी होती आणि राज्यकर्तीही होती. इंग्लंडचा राजा चूक करूच शकत नाही, हे तिथले सूत्र कंपनीला पुरते लागू होत नव्हते, कारण ती राजा नव्हती; फौज बाळगून असली तरी ती सनद मिळालेली एक मंडळीच होती. या दुतोंडेपणातून पुढचा सगळा गुंता उभा राहिला.

त्या गुंत्याचे मूळ प्रकरण एका घोड्याचे आहे. कलकत्त्यात पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीचा एक नोकर घोडागाडीतून गार्डन रीचहून शहराकडे येत होता. वाटेत खिदिरपूरची सरकारी गोदी. तिथले मजूर आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा एक अवजड भाग खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होते. गाडी अगदी जवळ आल्याचे पाहून ते गांगरले आणि लोखंड रस्त्यात टाकून बाजूला झाले. त्या दणक्याने घोडा बुजला, लोखंडावर जाऊन आदळला आणि जखमी झाला. आगबोट कंपनीने साडेतीनशे रुपये मागितले. एवढ्या रकमेचा दावा लघुवाद न्यायालयातून कलकत्त्याच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाकडे गेला आणि 1861 मध्ये मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. बोटी दुरुस्त करणे हे काम कुणीही खासगी माणूस करू शकतो. त्यात राज्यसत्ता वापरण्याचा प्रश्न येत नाही, हा त्यांचा आधार. निकाल घोड्याच्या मालकाच्या बाजूने लागला. पण निकालपत्रात ओघाने असेही येऊन गेले की काम जर सार्वभौम अधिकाराचे असेल, तर दावा लागणार नाही. दावा मान्य करताना जे विधान करण्याची गरज नव्हती, तेच पुढे दावे फेटाळण्याचे मुख्य हत्यार बनले.

या विधानाचे दोन अर्थ निघाले. 1875 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने गांजाच्या परवान्याच्या प्रकरणात ते व्यापक अर्थाने घेतले. अबकारी वसुली हे राज्यसत्तेचे काम, म्हणून सरकारवर दावा नाही. सात वर्षांनी मद्रास उच्च न्यायालयापुढे मुंबईहून मलबारकडे गलबताने निघालेल्या मिठाचा वाद आला. मीठ वाटेत असतानाच त्यावरचा कर वाढला होता. तिथे न्यायालयाने उन्मुक्तीचे क्षेत्र आखडून घेतले. परराज्याशी किंवा परकीयांशी कायद्याच्या चौकटीबाहेर केलेली कृती तेवढी न्यायालयाच्या कक्षेबाहेर. देशाच्या कायद्याचा आधार घेऊन केलेल्या प्रत्येक कृतीचा जाब सरकारने द्यायचा. मद्रासचा हा विचार अधिक नेटका होता. कर, परवाने, पोलीस, रस्ते ही सगळी कामे अखेर कायद्यातूनच येतात, आणि कायद्यातून आलेला अधिकार कायद्यापुढे उत्तरदायी असावा यात न कळण्यासारखे काही नाही. तरीही पुढच्या शतकात कलकत्त्याची वाटच जास्त वहिवाटीची झाली.

वसाहतकाळातल्या विधिमंडळाला ही उन्मुक्ती वाढवता येत होती का, या प्रश्नाला 1913 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उत्तर दिले. ब्रह्मदेशातील एका कायद्याने जमिनीवरील हक्काबाबत सरकारविरुद्धचे दावे दिवाणी न्यायालयात चालवण्याला बंदी घातली होती. प्रिव्ही कौन्सिलने ही बंदी अवैध ठरवली. 1858च्या कलम 65ने प्रजेला दिलेला दाव्याचा हक्क हिंदुस्थानातल्या विधिमंडळाला काढून घेता येणार नाही, असे तिने म्हटले. हे कुंपण पुढे निघाले आणि संविधानाने अनुच्छेद 300 मध्ये विधिमंडळाच्या हाती दोन्ही बाजूंची मोकळीक दिली. दायित्व वाढवायचे असेल तर वाढवा, आखडायचे असेल तर आखडा. आखडताना मूलभूत हक्कांची, विशेषतः समानतेच्या आणि जीविताच्या हक्काची मर्यादा आहे. वाढवताना तिजोरीखेरीज कसलीही नाही. 1913 मध्ये विधिमंडळाला नसलेला अधिकार स्वतंत्र देशाच्या विधिमंडळाला मिळाला, आणि त्याने तो मोठ्या कामासाठी उचलला नाही.

सुरुवात तशी वेळेवर झाली होती. स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि त्याचा अगदी पहिला अहवाल, 1956 मधला, नेमका याच विषयावर होता. सार्वभौम आणि बिगरसार्वभौम ही जुनी विभागणी कल्याणकारी राज्यात टिकणारी नाही, दायित्व कुठे आहे आणि कुठे नाही हे कायद्यानेच लिहून काढावे, असा त्याचा रोख होता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयही त्याच दिशेने गेले. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीनंतर कारखान्यातून परत आणताना चालकाने पदपथावरच्या एका माणसाला उडवले. तीन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. मागे विधवा आणि तीन वर्षांची मुलगी. राजस्थान सरकारचा बचाव होता की जीप सरकारी कामासाठी ठेवलेली होती. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या पीठाने तो झुगारला आणि पंधरा हजारांची भरपाई कायम केली. लोकशाहीत राजाची चूक होत नाही असे मानायला राजाच उरलेला नाही, असा त्या निकालाचा भाव होता.

मग कस्तुरीलालचे प्रकरण आले. 20 सप्टेंबर 1947, फाळणीनंतरचे दिवस. अमृतसरच्या सराफी पेढीचा एक भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला पोचला आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पोलिसांनी संशयावरून त्याला पकडले. जवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांवर चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी तो सुटला. चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. मुद्देमाल सांभाळणाऱ्या हेड कॉन्स्टेबलनेच ते लांबवले होते आणि ऑक्टोबरात तो सीमा ओलांडून पाकिस्तानात पोचला होता. पेढीने सोने किंवा त्याची अकरा हजारांवरची किंमत मागितली. पोलिसांनी मुद्देमाल ठेवण्याचे नियम धाब्यावर बसवले, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही 1964च्या सप्टेंबरात पाच न्यायाधीशांच्या पीठाने दावा फेटाळला: अटक, झडती आणि जप्ती ही राज्यसत्तेची कामे, म्हणून ती करताना झालेल्या हयगयीबद्दल सरकार देणे लागत नाही.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे मूळचे साताऱ्याचे. कामगार कायद्याच्या क्षेत्रात दुबळ्या बाजूला झुकते माप देणारा न्यायाधीश म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनाच असा निकाल द्यावा लागला, आणि निकालपत्र वाचताना त्यांची अस्वस्थता लपत नाही. आपल्या हाती असलेला कायदा हाच आहे, पण तो समाधानकारक नाही, आणि इंग्लंडने 1947 मध्ये केला तसा कायदा करण्याचा विचार भारतातल्या विधिमंडळांनी आता गांभीर्याने करावा, अशी सूचना त्यांनी त्यातच करून ठेवली. चेंडू त्यांनी अनुच्छेद 300च्या दिशेने, म्हणजे योग्य हद्दीत टोलवला होता. न्यायाधीश म्हणून त्यांच्यावर टीका करायची तर ती एवढीच करता येते की दोन वर्षांपूर्वीचा उदयपूरचा निकाल विस्तारायला त्यांना जागा होती आणि त्यांनी तो आखडला. ज्या पोलीस ठाण्यात सोने गेले, तिथल्या माणसाने ते चोरण्यात सार्वभौमत्वाचा वापर नेमका कुठे झाला, हा प्रश्न त्या निकालाला आजतागायत चिकटून आहे.

सरकारने 1965 मध्ये विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. 1967 मध्ये पुन्हा मांडले. संयुक्त समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि चौथी लोकसभा विसर्जित होताच तेही बारगळले. गजेंद्रगडकर स्वतः 1971 पासून विधी आयोगाचे अध्यक्ष होते; त्यांच्या कारकिर्दीतही हा विषय संसदेच्या पटलावर कायद्याच्या रूपाने आला नाही. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने 2001 मध्ये याच विषयावर स्वतंत्र चर्चापत्रिका काढली. ती आयोगाच्या दप्तरात आहे.

इतर देशांत विधिमंडळे सहजासहजी हलली असे नाही. तिथेही अपघातांनीच त्यांना हलवले. इंग्लंडमध्ये सरकारी खात्यावर दावा लागत नसे, म्हणून खातेच एखाद्या अधिकाऱ्याचे नाव प्रतिवादी म्हणून सुचवायचे आणि हुकूमनाम्याचे पैसे तिजोरीतून भरायचे. युद्धकाळात लष्कराने पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यात खेळायला गेलेल्या दोन मुलांपैकी एक दगावला आणि दुसरा जखमी झाला, तेव्हा नावापुरता उभा केलेला अधिकारी स्वतः दोषी नसेल तर दावा चालणारच नाही, असे 1946 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगून टाकले. सभ्यपणावर चाललेली सोय कोसळली आणि पुढच्या वर्षी पार्लमेंटला कायदा करावा लागला. सैनिकांना सेवेत झालेल्या इजांसाठी त्यात अपवाद होता. तो 1987 मध्ये पुढील घटनांपुरता उठवण्यात आला. अमेरिकेत असा कायदा करण्याची खटपट दोन दशकांहून जास्त काळ चालू होती. 28 जुलै 1945 रोजी धुक्यात वाट चुकलेले लष्करी बॉम्बर विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले आणि चौदा माणसे गेली. पुढच्या वर्षी काँग्रेसने कायदा केला आणि तो 1 जानेवारी 1945 पासून लागू धरला, म्हणजे या घटनेतले पीडितही त्यात बसले.

अमेरिकी कायद्याची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. तो सरकारला सरसकट खासगी माणसाच्या रांगेत उभे करत नाही. ज्या निर्णयात सरकारी यंत्रणेने धोरण म्हणून तारतम्य वापरायचे असते, त्या निर्णयाबद्दल दावा नाही. युद्धातल्या लढाऊ कारवाईबद्दल नाही. दंडात्मक भरपाई नाही, ज्यूरीही नाही. यातली पहिली सूट किती रुंद होऊ शकते, हे लगेच दिसले. 1947 मध्ये टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेट खताने भरलेली बोट स्फोट होऊन उडाली आणि शेकडो माणसे मेली. ते खत सरकारी कार्यक्रमातून तयार होत होते. 1953 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवले की खताच्या निर्मितीचे निर्णय धोरणाच्या पातळीवरचे होते, तेव्हा सरकार देणे लागत नाही. दोन वर्षांनी काँग्रेसने खास कायदा करून पीडितांना भरपाई दिली. न्यायालयाने रेघ कडक वाचली, विधिमंडळाने तिच्यापलीकडे जाऊन पैसे मोजले. विधिमंडळाची आणि न्यायालयाची कामे वेगळी असतात म्हणजे काय, ते इथे कळते.

भारतात रेघच नसल्याने प्रत्येक उच्च न्यायालयाने आपापली ओढली. तोफखाना विद्यालयाकडे यंत्र घेऊन जाणाऱ्या लष्करी मालमोटारीने केलेल्या अपघातात मुंबई उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला जबाबदार धरले. यंत्र पोचवणे हे कुणीही करू शकेल असे काम. काही वर्षांनी मद्रासमध्ये नौदलाच्या जहाजासाठी वायू घेऊन जाणाऱ्या लॉरीखाली दहा वर्षांचा मुलगा जायबंदी झाला. तिथल्या उच्च न्यायालयाला ते सार्वभौम काम वाटले. दावा गेला, आणि न्यायालयाने सरकारला दहा हजार रुपये सानुग्रह देण्याची शिफारस केली. लॉरीत काय भरले आहे यावर मुलाच्या इजेची किंमत ठरावी, हे तर्काला धरून असेल, न्यायाला धरून नाही.

महाराष्ट्रातले एक प्रकरण या सगळ्याचा कालखर्च दाखवते. जुलै 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखू लागले, ताप उतरेना. काही दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरने पोट उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा राहिलेला होता. 24 जुलैला ती वारली. नवऱ्याने दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने छत्तीस हजारांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1996 मध्ये तो पुन्हा उभा केला. रुग्णालय चालवणे हे कल्याणाचे काम आहे, फक्त सरकारच करू शकेल असे ते नाही, म्हणून सार्वभौमत्वाची ढाल इथे चालणार नाही, असे त्यात ठरले. जन्मलेला मुलगा तोवर बत्तीस वर्षांचा झाला असेल.

दिवाणी वाट अशी लांबत असताना सर्वोच्च न्यायालयाने दुसरी वाट उघडली. 1983 मध्ये बिहारमधल्या एका कैद्याचे प्रकरण सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यापुढे आले. निर्दोष सुटल्यावरही हा माणूस चौदा वर्षे तुरुंगात सडत पडला होता. न्यायालयाने अनुच्छेद 32च्या रिट अर्जावरच त्याला भरपाई दिली, दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवून. 1993 मध्ये ओडिशातल्या कोठडी मृत्यूच्या प्रकरणात तत्त्वाची घडी बसली: मूलभूत हक्काच्या भंगाबद्दलची भरपाई हा संविधानातला स्वतंत्र उपाय आहे आणि तिथे सार्वभौम उन्मुक्तीचा बचाव मुळीच चालत नाही. वर्षभराने न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी आंध्रच्या खत व्यापाऱ्याच्या प्रकरणात, जप्त केलेला माल सरकारी हलगर्जीने वाया गेल्याबद्दल, ही उन्मुक्ती राज्यसत्तेच्या अगदी गाभ्यातल्या कामांपुरती आहे असे म्हटले. 1999 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने कस्तुरीलालचे बंधनकारक बळ झिजून गेल्याचे नोंदवले. पुढच्याच वर्षी तुरुंगात बाहेरून फेकलेल्या बॉम्बने मारल्या गेलेल्या कैद्याच्या वारसांनाही भरपाई कायम झाली.

ही वाट उघडली हे चांगलेच झाले. ती नसती तर कोठडीत मेलेल्यांच्या घरी कागदाखेरीज काही पोचले नसते. पण ती कायद्याची जागा घेऊ शकत नाही. रिट अर्जात साक्षीपुरावे नोंदवून वादग्रस्त वस्तुस्थिती ठरवली जात नाही. खड्डा होता की नव्हता, विजेची तार आधीच लोंबत होती की वादळाने तुटली, असा वाद निघाला की अर्जदाराला दिवाणी न्यायालयाकडे पाठवले जाते, आणि तिथे कस्तुरीलाल बसलेलाच असतो. रकमेला मोजमाप नाही. एका पीठाला दीड लाख योग्य वाटतात, दुसऱ्याला दहा. भरपाई हा हक्क आहे की कृपा, यातली सीमा पुसट होते, आणि सरकारी भाषेत तर ती सानुग्रह मदत या नावानेच वावरते. शिवाय मूलभूत हक्काच्या भंगापर्यंत न पोचणारी, साधी पण आयुष्य मोडणारी हयगय या वाटेवर बसत नाही.

विधिमंडळे या विषयात अगदीच स्वस्थ बसली, असे म्हणणे मात्र त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांनी लिहिले आहे, पण सुटे सुटे, आणि बऱ्याचदा दार अरुंद करणारे. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी परवानगी काढून ती टाळता येते, ही सवलत 1976 मध्ये आली. मुंबई महानगरपालिकेवर दावा असेल तर 1888च्या अधिनियमातले कलम 527 महिन्याभराची नोटीस मागते आणि दाव्याला सहा महिन्यांची मुदत घालते. पोलिसांविरुद्ध, त्यांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 161ही सहाच महिने देते. प्लास्टरमध्ये पाय अडकलेल्या माणसाचे सहा महिने कसे जातात, हे मुदत घालणाऱ्यांनी पाहिलेले नसावे. जवळपास प्रत्येक अधिनियमाच्या शेवटी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे एक कलम असते. ते इतके ठरीव आहे की मसुदा करणारे ते हात न थांबवता लिहीत असावेत. नोटीस, मुदत, सद्भावना ही सगळी संरक्षणे लेखी आहेत. ज्या दायित्वाच्या विरुद्ध ती उभी केली, ते दायित्व तेवढे अलिखित आहे.

दोन क्षेत्रांत मात्र विधिमंडळाने काम नीट केले. मोटार अपघातांचे दावे 1956च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांकडे गेले. विधी आयोगाचा अहवाल आला, तेच वर्ष. व्यापारी कामासाठी नसलेल्या सरकारी वाहनाला सक्तीच्या विम्यातून सूट आहे, पण अपघात झाला तर न्यायाधिकरणापुढे सरकारही प्रतिवादी असते, एसटी महामंडळही असते, आणि सार्वभौम कामाचा युक्तिवाद तिथे फारसा टिकत नाही. रेल्वेच्या बाबतीत 1989च्या अधिनियमातले कलम 124अ आणखी पुढे जाते. मुंबईत लोकलच्या दारातून पडून मेलेल्या प्रवाशाच्या घरच्यांना रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, स्वतःचा गुन्हा, नशा अशी मोजकी कारणे सोडली तर भरपाई द्यावीच लागते. मृत्यूची रक्कम 1 जानेवारी 2017 पासून चार लाखांवरून आठ लाख झाली. दायित्व मान्य केल्याने रेल्वे बुडाली नाही. पैसे किती लागतील याचा अंदाज बांधता आला आणि तशी तरतूद होत गेली.

उन्मुक्तीच्या बाजूने जे म्हटले जाते, ते याच उदाहरणावर तपासता येते. तिजोरी रिकामी होईल हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत कच्चा आहे. इजा तर झालेलीच असते, प्रश्न तिचा खर्च एका घराने सोसायचा की सर्वांनी वाटून घ्यायचा एवढाच असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक निर्णयावर दावा लागणार असेल तर अधिकारी निर्णयच घेणार नाहीत, आणि धरण कुठे बांधावे किंवा बंदोबस्त कुठे लावावा हे न्यायाधीश ठरवू लागतील. म्हणून धोरणाचा निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांत फरक करणारी रेघ लागते. पूल बांधायचा की नाही याचा जाब दिवाणी न्यायालयात मागता येऊ नये. बांधलेल्या पुलाचा कठडा तुटून वर्ष झाले तरी तिथे साधा दोर न बांधल्याचा मागता यावा. ही रेघ न्यायाधीशाने प्रकरणागणिक ओढणे आणि विधिमंडळाने चर्चा करून, अपवाद लिहून, मुदत आणि रक्कम ठरवून ओढणे यांत मोठे अंतर आहे, कारण पैसा मंजूर करण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे आणि तो नाकारण्याची जबाबदारीही.

राज्यांना संसदेची वाट पाहण्याची गरज नाही, ही बाब चर्चेत क्वचितच येते. समवर्ती सूचीतल्या नोंदीमुळे महाराष्ट्राला स्वतःच्या खात्यांपुरता असा कायदा करता येतो. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तरच राष्ट्रपतींच्या संमतीचा प्रश्न उद्भवतो. तसा कायदा नसताना काय होते, हे ऑक्टोबर 2025 मध्ये दिसले. खड्ड्यांबाबत 2013 पासून चालू असलेल्या स्वाधिकारे दाखल याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवून दिली, त्यासाठी समित्या नेमल्या, देण्याची मुदत घातली, उशीर झाल्यास व्याज सांगितले आणि दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसुलीची सोय केली. हा आदेश वाचताना अधिनियमाची कलमे वाचल्यासारखे वाटते. रकमेचा तक्ता, सक्षम समिती, मुदत, व्याज, वसुली: विधानसभेने जे मसुद्यात लिहायचे, ते न्यायालयाने आदेशात लिहिले. खड्ड्याला आता तक्ता आहे. सरकारी शाळेच्या कोसळलेल्या छताला, पडलेल्या झाडाला, कोठडीतल्या मुद्देमालाला नाही.

कस्तुरीलालची कायदेशीर स्थिती अजूनही विचित्र आहे. तो पाच न्यायाधीशांचा निकाल आहे. त्याला निष्प्रभ म्हणणारी पीठे दोन किंवा तीन न्यायाधीशांची होती. त्याहून मोठ्या पीठाने तो रद्द केलेला नाही आणि कोणत्याही विधिमंडळाने कायदा करून त्याला बाजूला सारलेले नाही. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात सरकारविरुद्ध भरपाईचा दावा उभा राहिला, तर सरकारी वकिलाच्या कैफियतीत दोन आक्षेप अजूनही शोभून दिसतात: कलम 80ची नोटीस रीतसर नाही, आणि घडलेले कृत्य सार्वभौम अधिकारात घडले. पहिल्या आक्षेपाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर सापडते. दुसऱ्यासाठी न्यायाधीशाला 1861च्या कलकत्त्यात, त्या बुजलेल्या घोड्यापर्यंत जावे लागते.